ज्यांना काहीच झालं नाही त्यांची यादी: महाप्रसादानंतरच्या अन्नविषबाधेचं एक प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातलं आहे. त्या वेळी मी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. गावाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत आणि आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच मांडले आहेत, चुकलेले धरून.

पार्श्वभूमी

मे महिन्यात कोकणातलं गाव दुप्पट होतं. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, लग्नं उरकायची असतात, आणि देवळांचे वर्धापनदिनही याच दिवसांत धरलेले असतात. या गावचा वर्धापनदिन शनिवारी होता. सकाळी पूजा, मग पालखी, दुपारी साडेबारापासून महाप्रसाद. रविवारी दुपारी राबलेल्या मंडळींसाठी श्रमपरिहार.

जेवण शाकाहारी होतं: भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, वडे, आमरस, सोलकढी. किती माणसं जेवली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही ते पत्रावळ्यांवरून काढलं. किती गठ्ठे आणले आणि किती उरले याचा हिशेब खजिनदारांच्या वहीत चोख होता. साधारण सहाशे पानं उठली होती. चार पंगती झाल्या. रिवाजाप्रमाणे शेवटच्या पंगतीला आचारी, वाढपी आणि भाजी चिरायला बसलेल्या बायका जेवल्या.

स्वयंपाक गावातल्याच माणसांनी केला होता, केटरर नव्हता. मुख्य आचारी सत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

समस्या: शनिवारची रात्र

पहिला रुग्ण रात्री साडेनऊला आला. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, उलटी नाही. उन्हातान्हात जेवणं झाली की एखादा असा येतोच, म्हणून मी ओआरएस देऊन त्याला घरी पाठवलं. अकरा वाजता एका रिक्षातून पाच जण उतरले. मध्यरात्रीनंतर केंद्राच्या व्हरांड्यात चटया अंथराव्या लागल्या. आमच्याकडे खाटा सहा, आणि रविवारी दुपारपर्यंत नोंद झाली ५८ रुग्णांची.

उपचारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ज्याला पिता येतं त्याला ओआरएस, मुलांना सोबत झिंक, सलाईन फक्त सात जणांना. ‘सलाईन लावा’ हा आग्रह मोडून काढण्यात जास्त शक्ती गेली. दोन वृद्धांचा रक्तदाब खाली गेला होता. त्यांना १०८ने ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. प्रतिजैविकं आम्ही दिली नाहीत. गावातल्या खाजगी दवाखान्यात मात्र बऱ्याच जणांना ती मिळाली, आणि त्याचा त्रास पुढे नमुन्यांच्या वेळी झाला.

पहाटे दोनच्या सुमारास देवस्थानचे दोन विश्वस्त आले. एकाने पायरीवर उभं राहूनच विचारलं, “प्रसाद खाऊन कोणाक कधी काय झाला हा, डॉक्टर?” मी दमलेला होतो, हातात सलाईनची नळी होती. म्हणालो, “पाण्याचा प्रॉब्लेम दिसतोय बहुतेक.” वाक्य एवढंच. त्याला कसलाही आधार नव्हता. देवळात वापरलेलं पाणी एका खाजगी विहिरीचं होतं आणि ती कोणाची हे सगळ्या गावाला माहीत होतं. सकाळी सातच्या आत ते वाक्य माझ्या नावासकट गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलं.

पहाटेचा निर्णय: श्रमपरिहाराचं काय

पाच वाजता मला आठवलं की दुपारी आणखी एक जेवण आहे.

हातात पुरावा काहीच नव्हता. एक घड्याळ तेवढं होतं. दुपारी एकला जेवण, रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान रुग्णांची सर्वात मोठी लाट, म्हणजे मध्ये दहा-बारा तास. अन्नातून होणाऱ्या आजारांत हे अंतर बरंच काही सांगतं. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं विष अन्नात आधीच तयार झालेलं असतं. ते एक ते सहा तासांत गाठतं आणि त्यात उलट्यांचा जोर असतो. साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, पण त्यात ताप येतो. आठ ते सोळा तास, मुरडा आणि जुलाब, उलटी क्वचित, ताप नाही, आणि दिवसभरात आपोआप उतार: हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिन्जेन्सला बसतं. बॅसिलस सीरियसचा जुलाबवाला प्रकारही जवळपास असाच वागतो. दोघांची पद्धत एकच आहे. त्यांचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक सुप्त रूपं, उकळीतही जगतात, आणि मोठ्या भांड्यात शिजवलेलं अन्न हळूहळू निवत असताना त्यातून जिवाणू फोफावतात.

म्हणजे संशय शिजवून ठेवलेल्या कुठल्यातरी पदार्थावर होता. कुठल्या, ते कळायचं होतं.

पर्याय तीन दिसत होते. एक, श्रमपरिहार रद्द करायला लावायचा. अन्नाच्या बाबतीत तातडीने बंदी घालण्याचे अधिकार अन्न सुरक्षा कायद्याने अन्न व औषध प्रशासनाकडे दिलेले आहेत. प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरच्या हातात फक्त विनंती. दोन, काहीच न बोलता वरिष्ठांची वाट बघायची. तीन, जेवण होऊ द्यायचं, पण आदल्या दिवशीचं काहीही पानात पडू द्यायचं नाही.

मी तिसरा पर्याय धरला, कारण रद्द करा म्हटलं असतं तर ऐकलं गेलं नसतं आणि पुढच्या चौकशीला दार बंद झालं असतं. विश्वस्तांना सांगितलं: आज ताजा भात, ताजं वरण, चुलीवरून थेट पानात. शिल्लक राहिलेलं काही वाढायचं नाही, आणि टाकायचंही नाही. हे दुसरं त्यांना पटेना. खराब असेल तर पुरून टाकू, ठेवायचं कशाला? गुरांना घालायचाही बेत होता. मी म्हटलं, “खराब आहे की नाही हे सांगणारी तीच एक गोष्ट आहे आपल्याकडे.” उसळीचा एक टोप पाव भरलेला होता. तो झाकून, दोरीने बांधून बाजूला ठेवला.

विषबाधा हा शब्द

रविवारी सकाळी दहाला स्थानिक वार्ताहराचा फोन आला. ‘महाप्रसादातून विषबाधा’ हा मथळा त्याने आधीच ठरवला होता. मराठीत अडचण अशी की आपण अन्नातून झालेल्या जंतुसंसर्गालाही विषबाधाच म्हणतो, सरकारी कागदातही तोच शब्द. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र ‘विष’ पडतं, आणि विष म्हटलं की कोणीतरी घातलं. दोन वाड्यांत मानपानावरून जुनं बिनसलेलं होतं. दुपारपर्यंत एका वाडीने दुसरीवर बोट दाखवलंही. तिसरी अफवा आमरसाची: आंबा कार्बाईडने पिकवलेला. कार्बाईडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, बाजारात ते चालतं हेही खरं. पण हा हापूस गावातल्याच कलमांचा, गवताच्या अढीत पिकवलेला होता. ज्यांनी तो दिला त्यांना हे फार लागलं.

वार्ताहराला मी ‘तपास चालू आहे’ एवढंच सांगितलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं की त्याला चार ओळी लिहून द्यायला हव्या होत्या: किती आजारी, सगळे स्थिर, विष घातल्याची शंका घ्यायला कोणतंही कारण नाही, जुलाब झाल्यास काय करायचं. मी जागा रिकामी ठेवली आणि ती गावाने भरली.

तपासाची सुरुवात: रुग्ण कोणाला म्हणायचं

जिल्ह्याचं शीघ्र प्रतिसाद पथक दुपारी पोचलं. तोवर मी सरकारी आरोग्य पोर्टलवर उद्रेकाची नोंद केली होती आणि रुग्णाची व्याख्याही करून ठेवली होती: ‘शनिवारी देवळात जेवलेली आणि नंतर ४८ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झालेली व्यक्ती.’

जिल्हा सर्वेक्षण अधिकारी मॅडमनी कागद वाचला आणि ‘देवळात जेवलेली’ हे शब्द पेन्सिलीने खोडले. त्या जागी लिहिलं, ‘शनिवारी गावात असलेली’. म्हणाल्या, “तुम्ही उत्तर प्रश्नातच घालून ठेवलंय. न जेवलेला कोणी आजारी आहे का, हे आता कसं कळणार तुम्हाला?”

याने तपासाची दिशा बदलली. आशाताई, आरोग्यसेवक आणि सिस्टर यांना तीन वाड्या वाटून दिल्या आणि घरोघरी पाठवलं. सूचना एकच: आजारी कोण हे विचारून पुढे जाऊ नका, घरातल्या प्रत्येकाबद्दल लिहा. जेवलात का, कितव्या पंगतीला, कोणता पदार्थ खाल्ला, कोणता नाही, पाणी कुठलं प्यालात.

पहिल्या संध्याकाळी आशाताईंनी एक गोष्ट सांगितली. माझ्या डोक्यात ती आलीच नसती. गावात दोन घरांना सुतक होतं. सुतकातली माणसं देवळात जात नाहीत, त्यामुळे त्या घरांतली अकरा माणसं महाप्रसादाला नव्हती. पाणी मात्र त्याच विहिरीचं पीत होती, शनिवारीही आणि रविवारीही. अकरापैकी आजारी एकही नाही. विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने सकाळीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून शुद्ध केलं होतं. ते योग्यच, पण त्यामुळे आता पाण्याचा नमुना तपासून शनिवारचं काही कळणार नव्हतं. सुतकाच्या घरांनी ते काम केलं. पहाटे दोनचं माझं वाक्य तिथेच निकालात निघालं. गावाच्या ग्रुपवर मात्र ते तसंच राहिलं.

मुंबईला गेलेली माणसं

जेवलेल्यांपैकी मोठा भाग शनिवारी संध्याकाळीच तुतारी आणि कोकणकन्या धरून मुंबईला निघाला होता. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्यांतल्या कित्येकांना गाडीतच मुरडा सुरू झाला. एकाने फोनवर सांगितलं की डब्यातल्या संडासासमोर रांगेत आपलंच अर्धं गाव उभं होतं, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

या लोकांची माहिती घ्यायची कशी? गावातल्या एका तरुण शिक्षकाने उत्साहाने ऑनलाईन फॉर्म बनवून ग्रुपवर टाकला. दोन तासांत ३१ उत्तरं आली, त्यातली २९ आजारी माणसांची. आम्ही क्षणभर हुरळलो. मग लक्षात आलं की ज्याला त्रास झाला तोच फॉर्म भरणार. असल्या यादीतून सगळेच पदार्थ दोषी ठरतात. फॉर्म बंद केला.

त्याऐवजी वर्गणीची पावतीपुस्तकं मागवली. मुंबई मंडळाच्या पावत्यांवर नाव आणि मोबाईल नंबर होता. त्या क्रमाने एकेकाला फोन लावायचा, आजारी असो वा नसो. दोन आरोग्यसेवक दीड दिवस हेच करत होते. “मला काय झालं नाही हो, कशाला फोन?” असं म्हणणाऱ्याचाच फोन आम्हाला सगळ्यात जास्त हवा होता, हे त्यांना समजावून सांगताना नाकी नऊ आले. ६३ जणांची माहिती मिळाली. गावातल्या जेवलेल्या १४९ जणांसह एकूण २१२.

आकडे काय म्हणाले

२१२ पैकी ९६ आजारी पडले होते. मग प्रत्येक पदार्थासाठी दोन गट केले, खाल्लेले आणि न खाल्लेले, आणि दोन्हीकडे आजारी किती ते मोजलं. हे काम शाळेच्या वर्गात फळ्यावर खडूने केलं.

आमरस: खाल्लेले १७१, त्यांत आजारी ७९, म्हणजे ४६ टक्के. न खाल्लेले ४१, त्यांत आजारी १७, म्हणजे ४१ टक्के. फरक नगण्य. हापूस सुटला.

विहिरीचं पाणी: प्यालेले १४०, आजारी ६४. बाटलीचं किंवा घरचं पाणी प्यालेले ७२, आजारी ३२. टक्केवारी जवळपास सारखीच.

उसळ: खाल्लेले १५८, आजारी ९२, म्हणजे ५८ टक्के. न खाल्लेले ५४, आजारी ४, म्हणजे ७ टक्के. जवळपास आठपट फरक.

भात-वरण सगळ्यांनीच खाल्लं होतं, त्यामुळे त्याबद्दल या पद्धतीने काही बोलता येत नव्हतं.

उसळीचं नाव फळ्यावर आलं तेव्हा विश्वस्त वर्गाच्या दारात उभे होते. त्यांनी जो मुद्दा काढला तो बिनतोड होता: आचारी, वाढपी, चिरणाऱ्या बायका, सगळ्यांनी उसळ खाल्ली, चांगली ओरपून खाल्ली, आणि सगळे ठणठणीत आहेत. दोष उसळीत असता तर आधी ते पडले असते. गावात दोन दिवस हीच चर्चा होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं का बोला, उसळ आकड्यांत चुकून वर आली असेल अशी शंका मलाही चाटून गेली.

मांगरात आबांच्या समोर

मंगळवारी सकाळी सिस्टरना घेऊन देवळामागच्या मांगरात (शेडमध्ये) गेलो. स्वयंपाक तिथेच झाला होता. जांभ्याच्या चिऱ्यांच्या चार चुली, कोपऱ्यात लाकडं, भिंतीला पालथे घातलेले टोप. आबा एका चिऱ्यावर बसले होते. तीन दिवसांत ते घराबाहेर पडले नव्हते. आम्ही बोलावलं म्हणून आले.

आरोपाच्या सुरात विचारलं असतं तर काही हाती लागलं नसतं. सिस्टर गावच्याच. त्यांनी विचारलं, “आबा, उसळ करतात कशी एवढ्या माणसांची? आमच्या घरी पावशेराची पण बिघडते.” आबा खुलले. गुरुवारी रात्री वाटाणे भिजत घातले. शुक्रवारी संध्याकाळी शिजवले, वाटप घातलं, दहाच्या सुमाराला दोन मोठे टोप उतरवले. आदल्या दिवशीच का? “आज्याच्या येळेपास्ना उसळ आदल्या रातीच करतत. मुरल्याबिगर तिका चव खयची?” शिवाय शनिवारी सकाळी चुली भाताला लागतात.

रात्रभर टोप कुठे होते? इथेच. आबांनी उठून दाखवलं: टोपावर झाकण, झाकणावर चिरा, आणि भोवती चार पदरी गोणपाट गुंडाळून सुंभाने आवळलेलं. उसळ सकाळपर्यंत ऊन राहावी म्हणून. सिस्टरनी टोपात हात घातला तर तळ कोपराच्याही खाली लागला.

मी त्या गोणपाटाकडे बघत राहिलो. पर्फ्रिन्जेन्सला सगळ्यात मानवणारं तापमान ४३ ते ४७ अंश सेल्सिअस. तिथे तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. त्याला हवा नको असते, आणि उकळीने उसळीतली हवा आधीच निघून गेलेली. किनाऱ्यावरची मे महिन्यातली दमट रात्र, कोपरापेक्षा खोल टोप, वरून गोणपाट. उसळ तासन्‌तास नेमकी त्याच उबेत राहिली असणार. प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवायचा तर याहून वेगळं फारसं काही करावं लागलं नसतं.

सकाळी परत उकळली का? “वाफ इली, उतरलंव.” वरून वाफ आली, पण ओगराळं तळापर्यंत फिरवलेलं नव्हतं. तळातून बुडबुडे येईपर्यंत रटरटली असती तर वाढलेले जिवाणू मेले असते. या आजारात विष पोटात गेलेल्या जिवंत जिवाणूंपासून आतड्यात तयार होतं, त्यामुळे तेवढ्याने बहुधा निभावलं असतं.

मग मी शेवटचं विचारलं: दोन टोप सहाशे माणसांना पुरले? नाही पुरले, आबा म्हणाले. गर्दी बघून त्यांनी राखीव म्हणून शुक्रवारी रात्री भिजत घातलेले वाटाणे शनिवारी अकराला लहान टोपात चढवले. ती उसळ शेवटच्या पंगतीला गेली.

केंद्रात येऊन यादी पुन्हा मांडली. उसळ खाल्लेल्या १५८ जणांपैकी पहिल्या तीन पंगतींतले १२१, त्यांत आजारी ८९. शेवटच्या पंगतीतले ३७, त्यांत आजारी ३. आचारी आणि वाढपी ठणठणीत होते, कारण त्यांच्या पानात दुसऱ्याच टोपातली, ताजी उसळ पडली होती. विश्वस्तांचा बिनतोड मुद्दा हाच आमचा सर्वात मोठा पुरावा निघाला.

उसळ न खाता आजारी पडलेल्या चौघांपैकी एक लहान मूल होतं, आई तिच्या पानातलं भरवत होती. एकाने नंतर कबूल केलं की वड्याबरोबर थोडी उसळ घेतली होती. उरलेल्या दोघांचा उलगडा झाला नाही.

नमुन्यांची गोष्ट

इथे आम्ही घसरलो.

अन्न सुरक्षा अधिकारी रविवारी संध्याकाळी आले आणि रीतसर नमुना घेतला, मी बांधून ठेवलेल्या टोपातून. तो टोप शेवटच्या पंगतीचा, म्हणजे निर्दोष उसळीचा होता. शनिवारी रात्रभर तीही तशीच पडून राहिली होती. अहवालात जिवाणूंची संख्या बेसुमार आली आणि नमुना असुरक्षित ठरला. वरवर बघता आमचं म्हणणं सिद्ध झालं. प्रत्यक्षात त्या अहवालाचा शनिवारच्या आजाराशी काही संबंध नव्हता. तीच उसळ रविवारी श्रमपरिहाराला वाढली असती तर काय झालं असतं, एवढंच तो सांगत होता.

खऱ्या टोपातली उसळ सोमवारी सिस्टरना एका घरात सापडली. पहिल्या पंगतीनंतर एका आजींनी आजारी यजमानांसाठी डब्यातून प्रसाद नेला होता, तो फ्रीजमध्ये होता. आमच्या हाती आलेला हा सगळ्यात मोलाचा डबा. तो पाठवायला गाडी दुसऱ्या दिवशी मिळणार म्हणून कोणीतरी चांगल्या बुद्धीने बर्फाच्या कप्प्यात ठेवला. गोठवल्यावर पर्फ्रिन्जेन्सचे वाढते जिवाणू मोठ्या प्रमाणात मरतात. लसीच्या डब्यात बर्फाच्या पॅकसोबत, न गोठवता नेला असता तर शक्यता होती.

शौचाचे पाच नमुने घेतले. तिघांनी आधीच खाजगी दवाखान्यातली प्रतिजैविकं घेतली होती. नमुने नेहमीच्या सवयीने कॉलऱ्याच्या वाटेने गेले आणि अहवाल आला: कॉलरा नाही, साल्मोनेला नाही, शिगेला नाही. हवेविना वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी अर्जावर मी मागितलीच नव्हती. संशय कोणावर आहे हे लिहिलं नाही तर प्रयोगशाळा ते ओळखणार कसं?

म्हणून अंतिम अहवालात जिवाणूच्या नावापुढे ‘संभाव्य’ लिहिलं. पदार्थाच्या आणि टोपाच्या नावापुढे ते लिहायची गरज पडली नाही.

परिणाम

मृत्यू एकही नाही. ग्रामीण रुग्णालयातले दोघे वृद्ध दोन रात्री राहून घरी आले. बाकीचे बहुतेक रविवारी संध्याकाळपर्यंत सावरले. श्रमपरिहाराच्या ताज्या जेवणानंतर नवा रुग्ण आला नाही.

प्रशासनाने देवस्थानाला सुधारणा करण्याची नोटीस दिली. गुन्हा नोंदवा असा एका वाडीचा आग्रह होता. पंगतींचा तक्ता ग्रामसभेत दाखवल्यावर तो मावळला. तिथे मी आबांचं नाव घेतलं नाही, ‘रात्रीचा टोप’ आणि ‘सकाळचा टोप’ एवढेच शब्द वापरले. आबा शेवटच्या रांगेत बसले होते. सभा संपल्यावर ते म्हणाले, “म्हंजे गोणपाट नको.” मला जे अर्ध्या तासात मांडता आलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात पकडलं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाची धार्मिक स्थळांच्या प्रसादासाठी ‘भोग’ नावाची योजना आहे. तिची कागदपत्रं विश्वस्तांना दिली. त्यांनी ती कपाटात ठेवली असावी. टिकलं ते मांगरात ठरलेलं: उसळ पहाटे तीनला चढवायची, चार लहान टोपांत, आणि सकाळी शिजलं ते दुपारी संपलं पाहिजे. उरलं तर चुलीवर धगधगतं ठेवायचं किंवा परातींत पसरून लवकर निववायचं. प्रत्येक टोपातली एक वाटी चिठ्ठी लावून दोन दिवस फ्रीजमध्ये, ही कल्पना सिस्टरची. चाखून बघण्यावर भिस्त ठेवू नका असंही सांगितलं, कारण त्या उसळीची चव बिघडलेली नव्हती. ती यंदा नेहमीपेक्षा छान मुरली होती, असं आजारी पडलेल्यांनीही सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

टोप किती, कोणता कधी शिजला, कोणत्या पंगतीला गेला, हे मी रविवारी सकाळीच विचारायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. ते मंगळवारवर गेलं, कारण आबांना दुखवायचं नाही म्हणून आम्ही आधी सगळीकडे विचारलं आणि त्यांच्याकडे शेवटी गेलो. आधी विचारलं असतं तर चुकीच्या टोपाला दोरी बांधली नसती आणि घराघरांतले प्रसादाचे डबे रविवारीच शोधायला लागलो असतो. दोन दिवस आबा स्वतःला काय काय म्हणत घरात बसले, तेही वाचलं असतं.

शौचाचे नमुने पहिल्या दहा रुग्णांचे, त्यांच्या पोटात कुठलीही गोळी जायच्या आधी घ्यायला हवे होते. मध्यरात्री डोक्यात फक्त सलाईन असतं. त्यानंतर मी केंद्रात एक खोकं तयार ठेवलं: निर्जंतुक डब्या, लेबलं, रिकामे तक्ते, प्रयोगशाळेचा फोन नंबर, आणि अर्जावर संशय लिहायची आठवण करून देणारी लाल शाईतली चिठ्ठी.

आणि पहाटे दोनचं ते वाक्य. विहिरीवाल्यांच्या घरी मी नंतर दोनदा गेलो, सुतकाच्या घरांचा हिशेब समजावून सांगितला, लेखी पत्रही दिलं. त्यांनी चहा दिला, पत्र घडी घालून खिशात ठेवलं. पुढच्या मे महिन्यात आबांनी पहाटे तीनला चार टोप चढवले. पाणी मात्र टँकरने आणावं लागलं, विहिरीवाल्यांनी उत्सवाला विहीर दिली नाही.